खांद्याच्या बेकनचे काप करताना: आधी रेषा बघा, मग सुरी उचला

आठवडाभर मिठात मुरवलं, तासन् तास धुरी दिली, रंगही सुरेख आला. आणि तव्यावरून उतरलेला काप मात्र चावता चावेना. डुकराच्या खांद्याच्या बेकनचं असं झालं, की आपण मिठाला नाहीतर धुरीला दोष देतो. बहुतेक वेळा चूक कापण्याच्या दिशेत असते.

नेहमीचं बेकन पोटाच्या मांसाचं. त्यात चरबी आणि मांस थरांवर थर असतं, त्यामुळे सुरी थोडी इकडेतिकडे झाली तरी फारसं बिघडत नाही. खांदा तसा नाही. तिथे कामाला जुंपलेले अनेक स्नायू एकत्र येतात, प्रत्येकाचे तंतू वेगळ्या दिशेला जातात, आणि मधून चरबीच्या व पांढऱ्या पडद्यांच्या रेषा धावतात. चरबी कमी असल्याने हे बेकन मांसल आणि चवीला दमदार लागतं, पण लांब तंतू तसेच राहिले तर ते चिवटही होतं.

म्हणून खरी तयारी मीठ लावण्याआधीच सुरू होते. कच्च्या मांसावर तंतू स्पष्ट दिसतात. धुरीनंतर वरचा थर काळपट झाला की काही कळत नाही. तेव्हा कच्च्या तुकड्याचा फोटो काढून ठेवा, किंवा तंतूंना आडवं ज्या बाजूने कापायचं त्या कोपऱ्यावर छोटी खाच पाडा. तुकडा मोठा असेल तर चरबीच्या रेषेवरूनच त्याचे दोन भाग करा. दोन्ही भागांत तंतू बऱ्यापैकी एका दिशेचे राहतात आणि पुढचं काम सोपं होतं.

धुरीतून काढल्या काढल्या कापायचा मोह आवरा. गरम मांसातून रस वाहून जातो आणि मऊ चरबी पात्याला फासते. वाफ गेली की दोन तासांच्या आत बेकन फ्रिजमध्ये जाळीवर ठेवा, रात्रभर उघडंच. आणखी एक दिवस थांबलात तर फारच छान, कारण वरवरचा उग्र धुरकट वास तोवर निवतो.

आता फ्रीझर. पाच-सहा सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला साधारण तास-दीड तास लागतो. पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: वरून घट्ट लागावं आणि जोर दिला की आत जरासं दबावं. खारवलेलं मांस साध्या मांसापेक्षा सावकाश गोठतं, तेव्हा घाई नको. दगडासारखं झालंच, तर थोडा वेळ फ्रिजमध्ये परत ठेवा. गोठलेल्या तुकड्यावरून सुरी घसरते आणि बोट कापतं.

मग टोकाचा एक पातळ काप काढून आतली बाजू उजेडात धरा. तंतूंची तोंडं बारीक ठिपक्यांसारखी दिसली, तर दिशा बरोबर आहे. लांब दोऱ्यांसारखे तंतू दिसले, तर तुकडा काटकोनात फिरवा. सगळं कापण्याआधी हा एक काप तव्यावर भाजून खा. सहज तुटला तर पुढे चला. दोरे ओढल्यासारखा ताणला गेला तर दिशा बदला. खारटपणाही याच घासात कळतो. कापता कापता तंतू वळताना दिसतीलच, तेव्हा तुकडाही त्यांच्याबरोबर वळवा. काप एकसारख्या आकाराचे येणार नाहीत. न येवोत! मी तरी आकारापेक्षा घास बघते.

सुरी लांब, अरुंद पात्याची आणि नुकती धार लावलेली हवी. दाबून कापू नका. पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत एकाच लांब ओढीत काप निघू द्या. करवतीच्या दातांची सुरी कडा फाडते. स्लायसर असेल तर तुकडा त्याच्या पकडीनेच पुढे ढकला, हाताने नाही, आणि पातं पुसण्याआधी प्लग काढा.

जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. दीड-दोन मिलिमीटरचे काप कुरकुरीत होतात खरे, पण खांद्याचे इतके पातळ काप चरबीच्या रेषेवर सुटून येतात. तुकडे पडले तरी टाकू नका. ते आणि दोन्ही टोकं मिळून सेंटीमीटरभराचे चौकोनी तुकडे करा. सूपमध्ये किंवा भाजीत ते फार उपयोगी पडतात.

भाजताना काप थंड तव्यावर मांडा, चमचाभर तेल सोडा आणि आच मंद ठेवा. इथे स्वतःची चरबी पुरत नाही; मोठ्या आचेवर मांस आधी आकसतं आणि मग कडक होतं. बेकन नुसत्या थंड धुरीचं असेल, तर ते कच्चंच असतं. ते नीट शिजवल्याशिवाय खायचं नाही.

उरलेले काप थरांमध्ये बटर पेपर घालून घट्ट गुंडाळा. चार अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये ते आठवडाभर राहतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर एका वेळेला लागतील एवढ्याच कापांची पाकिटं करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि महिनाभरात संपवा. पुढे चरबीला खवट वास यायला लागतो.