समुद्र तापणार असेल तर: कोकणातल्या मच्छीमार सोसायट्यांनी तयारी कशी करावी

हंगामी अंदाज पाहायचा तो शिमग्याआधी. एकदा खलाशांच्या उचली दिल्या आणि डिझेलचा पैसा गुंतला की अंदाज कळूनही हात बांधलेले असतात.

अमेरिकेची ‘नोआ’ ही हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था समुद्रातल्या उष्णतेच्या लाटांचा, म्हणजे पाणी बरेच दिवस नेहमीपेक्षा खूप गरम राहण्याचा, काही महिने पुढचा अंदाज देते. तो अरबी समुद्राच्या मोठ्या पट्ट्याबद्दल असतो, तुमच्या खाडीबद्दल नव्हे. हंगामी अंदाजात बहुतेक वेळा थंड, सरासरी आणि गरम अशा तीन शक्यता मांडतात. ‘गरम’पुढे ३३ टक्के दिसले तर तिन्ही शक्यता सारख्याच, त्यातून काहीच कळत नाही असे समजा. ४० ला कमी खर्चाची कामे सुरू करा, ६० च्या वर खर्चाची. हे आकडे सोसायटीच्या बैठकीत आधीच लिहून ठेवा, नाहीतर मासळी कमी लागली की वाद होतात. प्रत्यक्ष लाट आली का, हे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राच्या इशाऱ्यांवरून कळेल.

पहिले काम बर्फाचे. ३० अंशांच्या पाण्यातला एक किलो बांगडा शून्यावर आणण्यातच सुमारे ३०० ग्रॅम बर्फ वितळतो. उरलेला बाहेरच्या उष्णतेत जातो. म्हणून एरवी किलोला किलो बर्फ घेत असाल तर लाटेत दीडपट धरा आणि कारखान्याशी आधी बोलून ठेवा. बर्फ कमी पडला तर बांगडा, कुपा, सुरमईत हिस्टामिन नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. त्याचा वास येईलच असे नाही आणि शिजवूनही ते जात नाही. त्याने माणसे आजारी पडतात.

खाडीत जिताड्याचे पिंजरे असतील तर विक्रीजोगा मासा लाटेआधी काढा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, माशाला मात्र जास्त लागतो. धोका सर्वाधिक पहाटे. पाण्यातला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमखाली गेला तर माशांना खाणे घालणे बंद ठेवा.

उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो, खालचे पाणी तुम्हीच मोजा. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा. १० मीटरवर सोडून बूच ओढा, पाच मिनिटे थांबा, वर येताच थर्मामीटर घाला. वरचे आणि खालचे दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. दोन्ही सारखेच गरम असतील तर उष्णता निदान तेवढ्या खोलीपर्यंत गेली आहे, मासा जवळ मिळेल या भरवशावर डिझेल जाळू नका.