पाऊस सुरू होण्यापूर्वी जमिनीतील केबलचे जोड तपासा

पंपाची आर्मर्ड (पोलादी तारांचा वेढा असलेली) केबल वाढवायची असेल किंवा तुटलेली केबल जोडायची असेल, तर ते काम पहिला दमदार पाऊस होण्यापूर्वी, जमीन कोरडी आहे तोवरच उरकावे. चरात ओल आल्यानंतर केलेला जोड कितीही निगुतीने केला तरी त्यात दमटपणा कोंडला जातो आणि तो नंतर बाहेर काढता येत नाही.

विहिरीत पाणी असूनही पीक वाळले, असे मी अनेक शेतांत पाहिले आहे, आणि पंप का थांबला हे शोधण्यासाठी केबल उकरल्यावर बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती आली: पिळून जोडलेल्या तारा, त्यांवर काळ्या टेपचे वेढे, वरून बांधलेली प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर लोटलेली माती. असा जोड पुरला त्या दिवशी पंप व्यवस्थित चालतो, म्हणूनच शेतकऱ्याला तो पक्का वाटतो. पण ओल्या मातीत टेपचा चिकटपणा सुटतो, फटीतून पाणी शिरते आणि तारेच्या पदरांमधून ते जोडापासून बरेच आतपर्यंत ओढले जाते. अ‍ॅल्युमिनियमची तार अशा ओलीत वीज वाहत असताना पांढरी भुकटी होऊन झिजते. शेवटी एक फेज तुटतो, मोटार उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते, तापते आणि जळते. आणि हे बहुधा पीक फुलोऱ्यात असताना, पाण्याची गरज सर्वाधिक असतानाच घडते.

यानंतर विक्रेता जास्त अश्वशक्तीची मोटार किंवा महागडा स्टॅबिलायझर सुचवतो. शेतकरी कर्ज काढून तो घेतो आणि नवी मोटार पुन्हा त्याच कुजलेल्या जोडावर चालवली जाते. केबल मोजून पाहिल्याशिवाय एकही नवी वस्तू विकत घेऊ नये. मोजणीसाठी पुरवठा बंद करून मोटार, स्टार्टर व कपॅसिटर सोडवावेत आणि वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचे आवरण वीज किती अडवते ते मेगओहममध्ये मोजणारे यंत्र) प्रत्येक तार दुसऱ्या तारेशी व प्रत्येक तार आर्मरशी, म्हणजे पोलादी वेढ्याशी, तपासून घ्यावी. १ मेगओहमपेक्षा कमी आकडा आल्यास त्या केबलमधून वीज सोडू नये. माझा स्वतःचा अनुभव याहून कडक आहे: कोरड्या दिवसांत आकडा १० मेगओहमच्या खाली दिसला, तर जोड उकरून पाहावा, कारण चांगल्या केबलचा आकडा सहसा याच्या कितीतरी पट असतो. आणखी एक खूण कोणत्याही पुस्तकात न मिळता मला गोठ्याजवळ मिळाली. पावसानंतर जनावरे केबलच्या वाटेवर एखाद्या ठरावीक जागी पाय टाकायला बिचकू लागली, तर तेथे वीज मातीत उतरत आहे असे समजून प्रथम पुरवठा तोडावा आणि मगच त्या जागेकडे जावे.

शक्य असेल तेथे जोड जमिनीत करूच नये, असे माझे मत आहे. केबलची दोन्ही टोके खांबावर वर घेऊन, पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीत, खालच्या बाजूने ग्लँड (केबल घट्ट धरणारे तोंड) लावून जोडावीत. असा जोड दरवर्षी उघडून पाहता येतो. पुरलेला जोड मात्र बिघडल्यावरच दिसतो.

जमिनीत जोड करणे अटळ असेल, तर ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे आणि शेतकऱ्याने स्वतः शेजारी उभे राहावे. पुरवठा दोन्ही टोकांकडून तुटला आहे याची, जनित्र किंवा सौर पंपाची जोडणी धरून, खात्री करावी. फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावेत आणि टेस्टरने तार मृत असल्याचे पाहावे. कापलेल्या टोकाची तार काळी पडलेली किंवा पांढरट दिसली, तर स्वच्छ, चकचकीत धातू दिसेपर्यंत केबल मागे कापत जावे. येथे हातभर केबल वाचवण्याचा मोह अनेकांना महाग पडला आहे. तारा पिळू नयेत. योग्य मापाच्या फेरूलमध्ये (धातूच्या नळीत) घालून त्याच मापाच्या डायने (दाबण्याच्या साच्याने) दाबाव्यात, आणि तिन्ही तारांचे जोड एकमेकांपासून पुढेमागे ठेवावेत. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम थेट जोडल्यास ओलीत गंज लागतो, म्हणून त्यासाठी द्विधातू फेरूल वापरावे. जोडावर ओतल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचा संच केबलच्या मापाचा आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता पाकिटावर वाचावे. केबलचे बाहेरचे आवरण पॉलिश पेपरने खरवडून, पुसून कोरडे केल्याशिवाय रेझिन ओतू नये, कारण गुळगुळीत आवरणाला ते धरत नाही आणि पाणी नेमके त्याच कडेने आत येते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते आर्मरकडे. पोलादी तारांचा हा वेढा केवळ कुदळीपासून रक्षण करण्यासाठी आहे, असे समजून जोडाच्या ठिकाणी तो कापून तसाच सोडला जातो. वास्तविक अनेक शेतांत अर्थिंगही त्याच आर्मरवर अवलंबून असते. जोडापाशी तो तुटलेला राहिला, तर पुढच्या संपूर्ण केबलचे आर्मर अर्थिंगपासून सुटते. अशा केबलवर कुदळ बसली किंवा आत ओल शिरली, तर आर्मर आणि त्याला जोडलेला पंपाचा सांगाडा जिवंत होतो, पण फ्यूज उडत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे आर्मर घासून स्वच्छ करावे, तांब्याच्या विणलेल्या पट्टीने आणि संचातील क्लिपांनी घट्ट जोडावे, आणि रेझिन ओतण्यापूर्वी मल्टिमीटरने ही जोडणी सलग असल्याचे तपासावे. रेझिन ओतल्यानंतर ही चूक सुधारण्यासाठी जोड कापून पुन्हा करावा लागतो.

चराची नेहमीची कामे:
खोली ७५ सें.मी., नांगर चालतो तेथे ९० सें.मी. ते १ मीटर.
केबलच्या खाली व वर वाळूचा थर.
वाळूवर विटा, त्यांच्या वर इशारा पट्टी.
वळण केबलच्या व्यासाच्या किमान १२ पट त्रिज्येचे.
जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडी सैल केबल.

केबल वाढवताना लांबी दुप्पट झाली की व्होल्टेजची घटही दुप्पट होते, आणि तारेचा छेद (कापलेल्या टोकाचे क्षेत्रफळ) निम्मा घेतल्यासही तसेच होते. मोटारीपर्यंतची घट ५ टक्क्यांच्या आत राहील असाच छेद निवडावा. जुन्या जाड केबलला पुढे स्वस्त, बारीक केबल जोडू नये.

रेझिन पूर्ण कडक होईपर्यंत, थंड हवेत त्याला जास्त वेळ लागतो हे लक्षात घेऊन, चर बुजवू नये. चर बुजवण्यापूर्वी मेगरचा आकडा वहीत लिहावा, जोडाच्या जागेवर दगड रोवावा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी तीच मोजणी पुन्हा करावी. आकडा निम्म्याहून खाली आला, तर पुढच्या पावसाची वाट न पाहता त्याच आठवड्यात तो जोड उकरावा.