पचनमार्गातला मेलॅनोमा: निदान करताना या चुका टाळा

मेलॅनोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, बहुधा त्वचेत सुरू होऊन आत पसरणारा. बायोप्सीच्या फॉर्मवर नुसतं 'ॲनिमिया, गाठ' असं खरडून पाठवू नका. जुना तीळ, काळी जखम, काढलेलं नख याबद्दल रुग्णाला विचारा आणि ते लिहा. मेलॅनोमाने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात पचनमार्गातला प्रसार ६० टक्क्यांपर्यंत सापडला आहे, जिवंतपणी मात्र तो ५ टक्क्यांतही पकडला जात नाही. या तफावतीला आपली घाईही जबाबदार आहे.

एका मावशींचं हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं. जठराची आणि मोठ्या आतड्याची एंडोस्कोपी नॉर्मल, म्हणून लोहाच्या गोळ्या, मग रक्त, पुन्हा गोळ्या. पचनमार्गात मेलॅनोमा सर्वात जास्त पसरतो तो लहान आतड्यात, आणि तिथे कोणी पाहिलंच नाही. शेवटी आतड्यात आतडं शिरलं आणि ऑपरेशन करावं लागलं. मोठ्या माणसात असं झालं की आत गाठ आहे असंच धरून चालावं. आमच्या पॅथॉलॉजी लॅबकडे आलेल्या तुकड्यात रंगद्रव्याचा मागमूस नव्हता. सीडी११७ हा मार्कर (पेशी ओळखायला रंगवून पाहायचं प्रथिन) पॉझिटिव्ह दिसताच रेसिडेंटने 'जिस्ट', म्हणजे आतड्याच्या भिंतीतला वेगळाच ट्यूमर, लिहून टाकलं. मी रिपोर्ट थांबवला आणि मावशींच्या मुलाला फोन लावायला सांगितला. तो म्हणाला, "आईच्या तळपायाचं काळं कुरूप काढलं होतं, पण त्याला खूप वर्षं झाली." मग जिस्टचा मार्कर डॉग-१ निगेटिव्ह आला, मेलॅनोमाचे सॉक्स-१०, एस-१०० आणि एचएमबी-४५ पॉझिटिव्ह. सीडी११७ मेलॅनोमातही पॉझिटिव्ह येतं. एका मार्करवर निदान करणारा माणूस मला मायक्रोस्कोपवर नको.

माझी सवय सांगते. पेशी ओळखू येत नाहीत आणि केराटिन (कार्सिनोमाचा मार्कर) निगेटिव्ह आहे, की सॉक्स-१० लावल्याशिवाय मी सही करत नाही. ट्यूमर काळा असेल तर मार्कर दाखवणाऱ्या डॅब या रसायनाचा तपकिरी रंग आणि पेशींतलं रंगद्रव्य मेलॅनिन यांत गल्लत होते. तिथे लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) मागते.

गाठ काळीच दिसेल असं समजू नका.

गुदद्वारातून रक्त जातंय म्हणून बोट न घालता मूळव्याधीचं मलम देऊ नका. तिथे मूळचाच मेलॅनोमा होऊ शकतो.

आतडं अडल्याची शंका असताना कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देऊ नका, अडकते. आधी सीटी करा.

निदान पक्कं झालं की तळवे, नखं, डोळ्यांचा पडदा, गुदद्वार तपासा आणि ब्रॅफ या जनुकातल्या बदलाची चाचणी त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) लगेच सांगा. उपचार ठरवायला ऑन्कोलॉजिस्टला ती लागतेच.