अडचणीतला फुटबॉल क्लब विकत घेताना या चुका टाळा

इंग्लंडमधला एखादा जुना क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कर्जात बुडाल्याने त्याचा कारभार कायद्याने नेमलेल्या प्रशासकाच्या (अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या) हाती गेला, की चर्चा फक्त किमतीची होते. सव्वाशे वर्षांचा क्लब, वीस-पंचवीस हजारांचा हक्काचा प्रेक्षक आणि भाव लंडनमधल्या दोन-चार घरांएवढा! पण तो भाव म्हणजे नुसतं प्रवेशशुल्क. खरा खर्च कुठे दडलेला असतो, ते न बघता बोली लावणारे अडकतात, आणि त्यांच्याबरोबर अख्खं गाव अडकतं.

मैदान कोणाच्या नावावर आहे, हे न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डर्बी काउंटी या क्लबचे तेव्हाचे मालक मेल मॉरिस यांनी 2018 मध्ये प्राइड पार्क हे मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला 8 कोटी 11 लाख पौंडांना विकलं. क्लबच्या ताळेबंदात नफा दिसला, पण मैदान हातचं गेलं. सप्टेंबर 2021 मध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, तेव्हा खरेदीदारापुढे दोन वाटाघाटी होत्या. क्लबसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी बोलायचं आणि मैदानासाठी मॉरिस व त्यांना कर्ज देणाऱ्यांशी. शेफील्ड वेन्सडे या क्लबचंही तेच. 2025 च्या ऑक्टोबरात क्लब कोसळला, आणि हिल्सबरो हे त्याचं मैदान मात्र वेगळ्या कंपनीच्या नावावर.

डर्बीला शेवटी वाचवलं ते डेव्हिड क्लाउज या स्थानिक बांधकाम व्यावसायिकाने. त्यांनी आधी मैदान ताब्यात घेतलं, क्लब चालू राहावा म्हणून कर्ज दिलं आणि मग 1 जुलै 2022 रोजी क्लब घेतला. हाच क्रम धरा. मैदानाचा करार पक्का होईपर्यंत क्लबच्या कागदावर सही करू नका. मैदानाबरोबरच सरावाची जागा, पार्किंग आणि अकादमीची इमारत यांचेही उतारे आणि गहाणखतं वेगवेगळी तपासा.

पैसे "येणार आहेत" यावर बोली लावणं

क्लाउज यांच्या आधी डर्बीचा पसंतीचा खरेदीदार होता ख्रिस कर्चनर हा अमेरिकी उद्योजक. मुदतीमागून मुदती गेल्या, पैसे आलेच नाहीत, आणि जून 2022 मध्ये त्याने माघार घेतली. पुढे स्वतःच्या कंपनीच्या गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल अमेरिकेत त्याला तुरुंगवास झाला. त्याची वाट बघण्यात गेलेले आठवडे मात्र डर्बीला कोणी परत दिले नाहीत. तिथे रक्कम वकिलाच्या खात्यात जमा असेल तरच तुमच्या शब्दाला किंमत आहे. लीगलाही (इंग्लिश फुटबॉल लीग, म्हणजे ईएफएल) पैशाचा उगम आणि पुढच्या काळाचा खर्च कसा भागवणार, याचे पुरावे लागतात.

भारतातून पैसे नेणार असाल तर आणखी सावध राहा. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. कंपनीमार्फत पाठवायचे तर परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. पुण्याच्या वेंकीजने 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. तो अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधला सौदा नव्हता, पण पुढे तपास यंत्रणांच्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. पगाराची तारीख कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही.

देणेकऱ्यांची रांग न समजणं

खेळाडू आणि दुसरे क्लब यांचे थकलेले पैसे ही "फुटबॉलची देणी". ती पूर्ण फेडल्याशिवाय लीग सदस्यत्व देत नाही, आणि हे सदस्यत्व म्हणजे लीगमधला एक शेअर; तो नसेल तर तुमच्या हातात नुसता बिल्ला उरतो. डिसेंबर 2020 पासून व्हॅट आणि पगारातून कापलेला कर या रकमांसाठी कर खात्यालाही साध्या (तारण नसलेल्या) देणेकऱ्यांच्या आधी पैसे मिळतात. डर्बीची करथकबाकी कोट्यवधी पौंडांची होती, तेव्हा हा मुद्दा हलका समजू नका. उरलेल्या साध्या देणेकऱ्यांना लीगच्या धोरणानुसार पौंडामागे किमान 25 पेन्स लगेच किंवा 35 पेन्स तीन वर्षांत द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या हंगामात 15 गुण वजा. देणेकऱ्यांशी तडजोडीचा करार न होताच बाहेर पडलेल्या लीड्सने 2007 मध्ये हंगामाची सुरुवात उणे 15 वरून केली होती.

या रांगेच्या शेवटी कोण उभं असतं, तेही बघा. पोर्ट्समथ क्लबच्या 2010 च्या देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स होती, सामन्याला प्रथमोपचार देणारी स्वयंसेवी संस्था. कोट्यवधींचे पगार पूर्ण मिळणार आणि हिला काही पेन्स, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. अशी लहान स्थानिक देणी कायद्याने बांधील नसतानाही फेडून टाका. एकूण सौद्यात ती रक्कम किरकोळ असते, पण गावात पाऊल टाकण्याआधी विश्वास मिळतो.

तुम्ही घेताय तो संघ कुठल्या अवस्थेत आहे?

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे 12 गुण कापले जातातच. डर्बीचे हिशेबातल्या गैरप्रकारांसाठी आणखी 9 गेले. त्या मोसमात संघाने मैदानावर 55 गुण कमावले, तक्त्यात 34 उरले आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. तेव्हा उत्पन्नाचा अंदाज खालच्या श्रेणीचाच धरा.

उशिराची किंमतही खेळाडूच मोजतात. ऑगस्ट 2019 मध्ये बोल्टनचा सौदा रखडला असताना कॉव्हेंट्रीविरुद्ध क्लबच्या इतिहासातला सर्वांत तरुण संघ उतरवावा लागला. पोरांनी 0-0 अशी बरोबरी साधली, पण पुढच्या सामन्यांत पाच-पाच गोल खाल्ले. त्याच महिन्याच्या अखेरीस शेजारचा बरी हा क्लब लीगमधून हाकलला गेला. बोल्टनचा सौदा त्याच्या दुसऱ्या दिवशी पार पडला.

खरेदीलाच शेवट समजणं

विगन हा क्लब 2021 मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधून बाहेर आला, 2022 मध्ये श्रेणी जिंकून वर गेला आणि त्यानंतरच्या मोसमात पगार थकले, पुन्हा गुण कापले गेले, संघ पुन्हा खाली. जून 2023 मध्ये परत नवा मालक शोधावा लागला. निदान दोन हंगामांचे पगार बाजूला काढल्याशिवाय बोली लावू नका.

आणि बोलीआधी सपोर्टर्स ट्रस्टला, म्हणजे क्लबच्या चाहत्यांच्या संघटनेला, भेटा. पोर्ट्समथच्या चाहत्यांनी प्रत्येकी 1,000 पौंडांचे शेअर घेऊन 2013 मध्ये क्लब सोडवला, चार वर्षं चालवला आणि मगच मायकेल आयझनर या अमेरिकी उद्योजकाला विकला. कुठलं बिल किती महिने थकलंय, गवत कापणाऱ्याचा पगार कधी अडकला, मैदानाच्या कुठल्या स्टँडला दुरुस्तीची नोटीस लागली आहे, हे अशा ट्रस्टच्या लोकांना तोंडपाठ असतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कागदपत्रांत ते शोधायला तुमच्या वकिलाला कित्येक आठवडे लागतील.