रात्रीच्या भाड्याने द्यायच्या घराचा परतावा काढताना या चुका टाळा

पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने द्यायला घर घ्यायचं ठरलं की पहिला गुणाकार ठरलेला असतो: रात्रीचं भाडं गुणिले 365. तो आकडा डोक्यातून काढून टाका. रात्रीचं भाडं 100 धरलं तर वर्षाचे 36,500 दिसतात. पण 60 टक्केच रात्री भरल्या तर 219 रात्रींचे 21,900 येतात, आणि बुकिंग साइटचं 15 टक्के कमिशन गेल्यावर उरतात 18,615.

आता साफसफाई. हा खर्च रात्रीमागे नसतो, मुक्कामामागे असतो, आणि हिशेब फसतो तो इथेच. पाहुणे सरासरी दोन रात्री राहिले तर वर्षात साधारण 110 वेळा चादरी बदला, बाथरूम घासा, टॉवेल धुवायला टाका. एका खेपेचे 25 धरले तरी 2,750 गेले. तेच पाहुणे चार रात्री राहिले तर खर्च निम्म्यावर येतो. म्हणून बुकिंग भरपूर आहे पण हाती काही उरत नाही, असं होत असेल तर भाड्याला हात लावण्याआधी किमान मुक्काम एका रात्रीने वाढवून बघा.

बुकिंग साइटवर आसपासच्या घरांची कॅलेंडरं बघून किती रात्री भरतील याचा अंदाज बांधू नका. मालकाने स्वतःसाठी अडवलेली तारीख आणि बुक झालेली तारीख बाहेरून सारखीच दिसते.

सरासरी 60 टक्के म्हणजे दर महिन्याला 60 नव्हे. हंगामात 90, एरवी 30 असंही असू शकतं. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच. महिनावार तक्ता मांडा.

परतावा काढताना वर्षाला हाती उरणाऱ्या रकमेला नुसत्या खरेदी किमतीने भागू नका. मुद्रांक शुल्क, फर्निचर, गाद्या, पहिला पाहुणा येईपर्यंतचे रिकामे महिने, सगळं त्यात धरा. कर्ज असेल तर घराचा परतावा आणि तुमच्या खिशातून गेलेल्या पैशावरचा परतावा वेगवेगळा काढा. रात्री अकराला गीझर चालत नाही म्हणून येणारा फोन तुम्हीच घेणार असाल, तर त्या कामाचा पगारही खर्चात लिहा.

आणि नियम बदलतात. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर 2023 पासून अशा घरांच्या सक्तीच्या नोंदणीची अंमलबजावणी सुरू झाली. 30 दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमानाने त्याच घरात राहायला हवं. अख्खं घर पाहुण्यांना देण्यावर बेतलेला हिशेब तिथे उभाच राहत नाही. म्हणून त्याच घराला महिन्याच्या साध्या भाडेकरूकडून किती मिळेल तेही काढा. त्या भाड्यात हप्ता आणि देखभाल निघत नसेल, तर मी ते घर घेणार नाही.