डिजिटल फिल्टरच्या सेक्शनांचा क्रम बदलताना या चुका टाळा

आठव्या ऑर्डरचा आयआयआर फिल्टर (आपलेच जुने आउटपुट गणितात पुन्हा वापरणारा डिजिटल फिल्टर) एकाच लांबलचक समीकरणात न लिहिता दुसऱ्या ऑर्डरच्या चार सेक्शनांच्या साखळीत लिहावा, हे आता बहुतेक नवशिक्यांना माहीत असते. मात्र ती चार सेक्शने कोणत्या क्रमाने लावली आणि का, असे विचारले, तर "सॉफ्टवेअरने दिली तशी" याहून वेगळे उत्तर मला क्वचितच मिळते. चार सेक्शनांचे २४ क्रम होतात, आणि प्रत्येक सेक्शन हा एक अपूर्णांक असल्यामुळे कोणत्या छेदाशी कोणता अंश जोडायचा याचे आणखी २४ पर्याय धरले, तर एकाच फिल्टरच्या ५७६ मांडण्या तयार होतात. कागदावर त्या सगळ्या सारख्याच असतात; १६ बिटांच्या फिक्स्ड पॉइंट प्रोसेसरवर, म्हणजे ठराविक मर्यादेतल्याच संख्या मावतात तेथे, त्यांतल्या काही उत्तम चालतात आणि काही सिग्नलची पार वाट लावतात. इतरांचे फिल्टर तपासताना ज्या चुका मला पुनःपुन्हा दिसतात, त्या येथे लिहीत आहे.

अंतिम आलेख पाहून क्रमाचा निर्णय घेणे

मॅटलॅबच्या फिल्टर डिझायनरमध्ये 'एडिट' मेनूखाली 'रीऑर्डर अँड स्केल सेकंड-ऑर्डर सेक्शन्स' ही खिडकी आहे. तेथे क्रम आपोआप ठरवणे, कमी क्यूच्या (क्यू म्हणजे सेक्शन आपल्या वारंवारितेजवळ किती तीव्र उसळी घेते त्याचे माप) सेक्शनापासून जास्त क्यूच्या सेक्शनाकडे जाणे, त्याच्या उलट जाणे आणि स्वतः क्रम देणे असे पर्याय मिळतात. नवशिका एक पर्याय निवडतो, कोणती वारंवारिता किती पार होते ते दाखवणाऱ्या आलेखाकडे पाहतो, आलेख तसूभरही हललेला नसतो, आणि क्रमाने काहीच फरक पडत नाही असे समजून तो पुढे जातो. आलेख हलणार नाहीच, कारण तो चारही सेक्शनांच्या गुणाकाराचा आहे, आणि गुणाकारात क्रमाला अर्थ नसतो. फरक पडतो तो दोन सेक्शनांच्या मधल्या जागी, आणि ती जागा या आलेखात कोठेच दिसत नाही.

आठव्या ऑर्डरच्या बटरवर्थ लो-पास फिल्टरच्या (कट-ऑफ या सीमेखालच्या वारंवारिता जाऊ देणाऱ्या एका प्रचलित फिल्टरच्या) चार सेक्शनांचे क्यू ०.५१, ०.६०, ०.९० आणि २.५६ असतात. शून्य हर्ट्झला प्रत्येक सेक्शनाचा गेन, म्हणजे आउटपुट इनपुटच्या किती पट ते, १ ठेवला, तर शेवटच्या सेक्शनाचा गेन कट-ऑफच्या किंचित अलीकडे २.६ पट, म्हणजे ८ डेसिबलहून अधिक होतो. कमी क्यूपासून सुरुवात केली, तर कट-ऑफवर सिग्नल क्रमाने ०.५१, ०.३१, ०.२८ असा उतरत जातो आणि शेवटच्या सेक्शनानंतर ०.७०७ वर येतो. वाटेत तो कोठेही १ च्या वर जात नाही. हीच साखळी उलटी लावली, तर पहिल्याच पायरीवर २.६ पट सिग्नल तयार होतो, आणि १६ बिटांत तो मावत नाही.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. यंत्राची कंपने मोजणाऱ्या एका उपकरणात आमचा असाच फिल्टर होता: सेकंदाला ८,००० नमुने, कट-ऑफ १,००० हर्ट्झ, १६ बिटांचे गणित. गटातल्या एका नव्या सहकाऱ्याने सर्वांत जास्त क्यूचे सेक्शन पहिले लावले होते, कारण जास्तीत जास्त नको असलेला भाग सुरुवातीलाच निघून जावा असे त्याला वाटले. प्रयोगशाळेत १०० हर्ट्झ आणि ३,००० हर्ट्झ देऊन चाचणी झाली आणि दोन्ही ठिकाणी फिल्टर निर्दोष ठरला. उपकरण कारखान्यात लागले, तेथल्या गिअरबॉक्समधून ९५० हर्ट्झच्या आसपास जोरदार कंपन येत होते, आणि आमच्या स्पेक्ट्रममध्ये ५५० हर्ट्झला एक लहान पण स्पष्ट शिखर उभे राहिले. यंत्रात ५५० हर्ट्झ निर्माण करणारे काहीही नव्हते. आम्ही तीन आठवडे बेअरिंग, सेन्सरची बैठक आणि केबल तपासत राहिलो.

उलगडा झाला तो सिग्नल जनरेटर जोडल्यावर. ९५० चे ९६० हर्ट्झ केले, तेव्हा ते शिखर ५५० वरून ६४० वर गेले, म्हणजे इनपुट १० ने सरकला की शिखर ९० ने सरकत होते. ९५० चा नववा हार्मोनिक, म्हणजे नऊपट वारंवारितेचा घटक, ८,५५० हर्ट्झला पडतो आणि ८,००० च्या सॅम्पलिंगमध्ये दुमडून (८,५५० वजा ८,०००) ५५० ला येतो. पहिले सेक्शन सॅच्युरेट होत होते, म्हणजे १६ बिटांच्या मर्यादेवर सिग्नलची शिखरे कापली जात होती (क्लिपिंग). त्यातून निघणारा तिसरा, पाचवा आणि सातवा हार्मोनिक दुमडल्यावरही कट-ऑफच्या वरच राहत होता, त्यामुळे पुढची तीन सेक्शने त्यांना पुसून टाकत होती. आउटपुट जवळजवळ स्वच्छ साइन लहरीसारखा दिसत होता, आणि म्हणूनच कोणाला क्लिपिंगचा संशय आला नाही. ०.९ इनपुटला (१ म्हणजे पूर्ण क्षमता) ०.७६ च्या आसपास आउटपुट यायला हवा होता, तेथे तो ०.४ च्या आतच अडकला होता, आणि इनपुट अर्धा केला तरी आउटपुट अर्धा होत नव्हता. ही साधी चाचणी पहिल्या दिवशी केली असती, तर तीन आठवडे वाचले असते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आलेखाच्या खिडकीत सेक्शने एकत्रित न दाखवता क्रमशः साठत जाणारी दाखवण्याची सोय आहे; मी ती लावून पहिले सेक्शन, पहिली दोन, पहिली तीन अशी प्रत्येक वक्ररेषा पाहते, आणि त्यांतली एकही शून्य डेसिबलच्या वर गेलेली चालवून घेत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष प्रोसेसरवर कट-ऑफच्या अलीकडची वारंवारिता पूर्ण क्षमतेने देते, इनपुट चौथाई करते आणि आउटपुट नेमका चौथाई होतो का ते मोजते.

क्रम बदलून स्केलिंग तसेच ठेवणे

ही चूक मला पहिलीपेक्षाही अधिक छळते, कारण ती निव्वळ घाईतून होते. सॉफ्टवेअरमधून सहगुणकांच्या ओळी बाहेर काढायच्या आणि सी भाषेच्या फाइलमध्ये त्या हाताने वरखाली करायच्या, हा आडमार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. पायथनच्या सायपाय लायब्ररीत सेक्शनांच्या रूपात फिल्टर काढला, तर एकक वर्तुळाच्या सर्वांत जवळचे पोल (छेद शून्य होतो ती स्थाने), म्हणजे सर्वांत जास्त क्यूचे सेक्शन, शेवटच्या ओळीत येतात आणि क्रम योग्यच असतो. परंतु संपूर्ण फिल्टरचा गेन मात्र एकट्या पहिल्या ओळीच्या अंशात घातलेला असतो. वर सांगितलेल्या फिल्टरसाठी तो ०.०००१०८ आहे. सहगुणकांना १ च्या वर जागा हवी म्हणून १४ अपूर्णांक-बिटे घेतली, तर ही संख्या १.७७ होते आणि पूर्णांकात २ होऊन बसते. येथेच गेनमध्ये १३ टक्क्यांची चूक झाली. त्याहून वाईट म्हणजे, कमी वारंवारितेचा पूर्ण क्षमतेचा सिग्नल पहिल्या सेक्शननंतर ३२,७६८ पायऱ्यांपैकी पन्नासाच्या आत येतो. पुढची सेक्शने त्याला अनुक्रमे सुमारे १०.८, ९.५ आणि ७.८ पट वाढवतात आणि सोबत राउंड-ऑफचा (संख्या पूर्णांकात बसवताना होणाऱ्या चुकांचा) गोंगाटही वाढवतात. आता कोणी ही पहिली ओळ उचलून शेवटी नेली, तर सुरुवातीलाच १०.८ पट गेन लागतो आणि उरतो तो केवळ ओव्हरफ्लो, म्हणजे बिटांत न मावणारा सिग्नल.

म्हणून क्रम आणि स्केलिंग (कोणत्या सेक्शनाला किती गेन द्यायचा ते) हा एकच निर्णय मानावा. संशोधक लेलँड जॅक्सन यांनी १९७० मध्येच राउंड-ऑफ नॉइज (गोंगाट) आणि डायनॅमिक रेंज (सर्वांत लहान ते सर्वांत मोठ्या सिग्नलचा पल्ला) यांची सांगड मांडली होती: जास्त क्यूचे सेक्शन शेवटी ठेवले, तर ओव्हरफ्लोची भीती कमी होते, पण आधीच्या सेक्शनांचा गोंगाट तेच सेक्शन कट-ऑफजवळ वाढवते, ते पुढे आणून नीट स्केल केले, तर गोंगाट पुढच्या सेक्शनांत गाळला जातो, पण हेडरूम, म्हणजे मर्यादेपर्यंत उरलेली जागा, खर्ची पडते. मॅटलॅबमध्ये यासाठी जोड्या ठरलेल्या आहेत: क्यूच्या चढत्या क्रमासोबत अनंत-नॉर्म (गेनच्या कमाल मूल्यावरून स्केलिंग) आणि उतरत्या क्रमासोबत द्वि-नॉर्म (सरासरी ऊर्जेवरून स्केलिंग). डिझायनरच्या खिडकीत तर या दोन टोकांमधली सरकपट्टीच दिलेली आहे. ती न समजता मध्यावर ठेवणे म्हणजे निर्णय टाळणे होय. माझी पसंती चढत्या क्रमाला आहे, कारण थोडा गोंगाट मोजता येतो आणि मान्यही करता येतो, क्लिपिंग मात्र आमच्या ५५० हर्ट्झप्रमाणे वेष बदलून येते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगते. स्वतः क्रम देताना अंशांचा आणि छेदांचा क्रम वेगळा देता येतो. बटरवर्थ लो-पासमध्ये सगळे झीरो (अंश शून्य होतो ती स्थाने) एकाच जागी असल्यामुळे तेथे बिघडत नाही, पण एलिप्टिक फिल्टरमध्ये (ज्यात झीरो वेगवेगळ्या जागी असतात) एकक वर्तुळाजवळच्या पोलाची त्याच्या सर्वांत जवळच्या झीरोशी असलेली जोडी कधीही तोडू नये. आधी मोठे बहुपद काढून मग त्याचे सेक्शनांत तुकडे करू नयेत. पोल-झीरोंपासूनच सुरुवात करावी. एआरएम प्रोसेसरांसाठीच्या सीएमएसआयएस-डीएसपी लायब्ररीत छेदाच्या सहगुणकांची चिन्हे मॅटलॅबच्या उलट असतात, आणि तिच्या १६ बिटांच्या फंक्शनमध्ये प्रत्येक ओळीत एक जादा शून्य लागते. चालू फिल्टरचा क्रम बदलला, तर जुनी स्टेट (सेक्शनांत साठलेली मागची मूल्ये) पुसावी, अन्यथा खटका ऐकू येतो. डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट गणितात) काम असेल, तर क्रमावर तास घालवण्याचे कारण नाही.

सेक्शनाचे गणित 'डायरेक्ट फॉर्म दोन' या रचनेत करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट वेगळी तपासावी. या रचनेत सिग्नल आधी छेदातून जातो आणि नंतर अंशातून. ४८,००० च्या सॅम्पलिंगवर १०० हर्ट्झ कट-ऑफचे एकच बटरवर्थ सेक्शन घेतले, तरी शून्य हर्ट्झला आतल्या स्टेटचा गेन ५,८०० पटींहून अधिक असतो, जरी त्याचा आउटपुट १ पटच दिसतो. सेक्शन कोठेही हलवले, तरी त्याच्या छेदाचा हा गेन त्याच्यासोबतच जातो. तेथे सेक्शनाआधी स्केलिंग घालावे लागते, किंवा फिक्स्ड पॉइंटसाठी मी करते तसे डायरेक्ट फॉर्म एक (आधी अंश, मग छेद) आणि रुंद अॅक्युम्युलेटर (बेरीज साठवण्यासाठी जास्त बिटांची जागा) घ्यावा लागतो.