एडिंबराच्या किल्ल्याबाहेरचा असईचा हत्ती : ग्वाल्हेरकरांनी ही भेट कशी आखावी

मुलगा-सून किंवा लेक-जावई ब्रिटनमध्ये असल्यामुळे उन्हाळ्यात महिना-दोन महिने तिकडे राहून येणारी मराठी घरे आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातही कमी नाहीत. लंडन पाहून झाले, की दोन दिवस एडिंबरासाठी काढले जातात. तेथे किल्ल्याच्या दरवाज्यासमोरील मोठ्या पटांगणात स्कॉटिश पलटणींची काही युद्धस्मारके उभी आहेत. बहुतेक मंडळी त्यांच्याकडे न पाहताच तिकिटाच्या रांगेत जाऊन उभी राहतात. ग्वाल्हेरकराने मात्र त्यांपैकी एका स्मारकासाठी आधी अर्धा तास राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

ते स्मारक ७८ व्या हायलँडर्स पलटणीचे आहे. केल्टिक घडणीचा हा उंच दगडी क्रूस १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मरण पावलेल्या त्या पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या व शिपायांच्या स्मरणार्थ उभारलेला असून रॉबर्ट रोवंड अँडरसन या वास्तुविशारदाने त्याची रचना केली. त्यावर एक हत्ती कोरलेला आहे. तो १८५७ चा नव्हे, तर त्याच्या ५४ वर्षे आधीचा आहे, आणि त्याचा संबंध थेट आपल्या शिंदेशाहीशी पोहोचतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ, दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. त्या दिवशी शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी) पोलमन या जर्मन सरदाराच्या हुकमतीखाली लढले. लढाई इंग्रजांनी जिंकली खरी, परंतु त्यांच्याकडील मेलेले व जखमी मिळून आकडा दीड हजारांच्या घरात गेला आणि ७४ वी हायलँडर्स पलटण तर शिंद्यांच्या तोफांपुढे जवळजवळ कापली गेली. या लढाईबद्दल ७४ व्या व ७८ व्या पलटणींना मानाचे निशाण आणि ‘असई’ या शब्दासह हत्तीचे चिन्ह मिळाले. दौलतरावांनी १८१० मध्ये ज्या छावणीतून आपले लष्कर वसवले, तिच्या रहिवाशाला हा हत्ती अनोळखी वाटू नये.

आता जाण्याविषयी. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी ग्वाल्हेरकरांना दिल्लीचे केंद्र सोयीचे पडते. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून एडिंबराच्या वेव्हर्ली स्थानकापर्यंत रेल्वेने साधारण साडेचार तास लागतात. तेथून रॉयल माइल या जुन्या रस्त्याने चढत गेल्यास पंधरा-वीस मिनिटांत पटांगण येते. आपल्या किल्ल्याची ग्वाल्हेर दरवाज्याकडील पायवाट ज्यांना जमते त्यांना हा चढ काहीच नाही; उरवाई दरवाज्यापर्यंत गाडीनेच जाणाऱ्यांनी मात्र मध्ये एक-दोनदा थांबावे. रस्ता दगडी फरसाचा असून ओला झाला की निसरडा होतो, म्हणून तळाला पकड असलेले बूट घालावेत. छत्रीचा उपयोग नाही, कारण वर वारा असा असतो की ती उलटी होते. टोपी असलेला पावसाळी कोट बरा.

भेटीचा महिना निवडताना फार विचार करावा लागतो. ऑगस्टमध्ये याच पटांगणात लष्करी बँडचा प्रसिद्ध सोहळा होतो आणि त्यासाठी प्रेक्षकांच्या उंच बैठका काही आठवडे आधीपासून उभारल्या जातात, त्यामुळे कडेची स्मारके झाकली जातात किंवा त्यांच्याजवळ नीट जाता येत नाही. केवळ स्मारकांसाठी जायचे असेल, तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर गाठावा. पटांगणात जाण्यास तिकीट लागत नाही. किल्ल्याच्या आत जाण्यास लागते आणि ते आधीच ऑनलाइन घेतलेले चांगले.

क्रुसावरील लेख सावकाश वाचावा. १८५७ च्या लढ्याला त्यात देशी फौजेचे बंड म्हटले आहे. फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीसमोर ज्याने हात जोडले आहेत त्याला ते खटकणारच, आणि खटकले म्हणून न वाचता पुढे जाण्याचे कारण नाही. येथे एक घोटाळा टाळावा. ७८ वी पलटण हॅवलॉक या इंग्रज सेनापतीबरोबर कानपूर-लखनौकडे लढली. १६ जून १८५८ रोजी आपल्या मुरारला लढलेली स्कॉटिश पलटण निराळी, ती ७१ वी. पुढे १८८१ च्या फेररचनेत मुरारची ७१ वी व असईची ७४ वी मिळून हायलँड लाइट इन्फंट्री झाली, तर ७८ वी ही ७२ व्या पलटणीबरोबर सीफोर्थ हायलँडर्समध्ये गेली. त्या ७२ व्या पलटणीचे अफगाण युद्धाचे स्मारकही याच पटांगणात आहे.

या दोन्ही नव्या रेजिमेंटांचा माग पुढे काढायचा असल्यास किल्ल्यात शिरून सर्वांत वरच्या क्राउन स्क्वेअर या चौकात जावे. तेथील स्कॉटिश राष्ट्रीय युद्धस्मारक १९२७ मध्ये खुले झाले. त्याचे वास्तुविशारद सर रॉबर्ट लॉरिमर होते. आत रेजिमेंटवार कोनाडे असून प्रत्येकात मृतांच्या नावांच्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत आणि त्या पाहता येतात. येथे छायाचित्रे काढू देत नाहीत, म्हणून मोबाइल आधीच खिशात ठेवावा आणि बोलणे हलक्या आवाजात करावे.

दुपारी बरोबर एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ एवढे दिवस तिला सुटी असते. बरोबर लहान मूल असेल, तर त्याला याची कल्पना आधीच देऊन ठेवावी.